धागा: चित्रात उतरलेली माया वागण्यात का उतरत नाही?

चित्रकला हा माझा पोटापाण्याचा उद्योग नाही. पण गेली २२ वर्षे, आठवड्यातले तीन-चार दिवस तरी, मी समोर बसलेल्या माणसाचे रेखाटन करत आले आहे, आणि या सवयीने मला माणसांकडे नीट पाहायला शिकवले असे मी आजवर मनापासून मानत होते. गेल्या महिन्यात घडलेल्या एका लहानशा गोष्टीने त्या समजुतीला तडा गेला. तो प्रसंग इथे सविस्तर मांडते, कारण त्यातून निघालेला प्रश्न माझ्या एकटीचा नसावा.

माझे वडील ८४ वर्षांचे आहेत. अलीकडे त्यांचे विसरणे वाढले आहे आणि एकच प्रश्न ते तासाभरात चार-पाच वेळा विचारतात. त्या दुपारी ते खुर्चीतच झोपी गेले होते. मी वही घेतली आणि स्टूल ओढून समोर बसले. चष्मा काढून ठेवलेला असल्यामुळे नाकाच्या दोन्ही बाजूंना त्याने पाडलेले खळगे स्पष्ट दिसत होते. कानाची पाळी वयाने लांबली आहे आणि तिच्यावर एक तिरपी घडी पडली आहे, हे मी इतक्या वर्षांत प्रथमच पाहिले. डाव्या हाताची मूठ मिटलेली होती आणि अंगठा त्या मुठीच्या आत होता, तान्ही मुले झोपेत घेतात तसा. शर्टाचे वरून दुसरे बटण तिसऱ्या काजात गेले होते, त्यामुळे कॉलरची एक बाजू उचलली जाऊन हनुवटीला टेकली होती आणि छातीवर कापडाची एक ओढलेली चुणी पडली होती. ती चुणी मला सहजी साधेना. तीनदा पुसून चौथ्यांदा जमली. या सगळ्यात दोन तास गेले, आणि त्या दोन तासांत त्यांच्याविषयी जी माया माझ्या मनात दाटून आली तशी ती आधीच्या वर्षभरात एकदाही आली नव्हती.

ते जागे झाले आणि चष्मा कुठे आहे असे त्यांनी विचारले. मी सांगितले. पाच मिनिटांनी त्यांनी पुन्हा विचारले, मी पुन्हा सांगितले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा मी त्यांच्या अंगावर ओरडले. पेन्सिल अजून माझ्या हातात होती आणि मांडीवरच्या उघड्या वहीत त्यांचा चेहरा होता. ते काही बोलले नाहीत. त्यांनी मान खाली घातली आणि डावी मूठ मिटली, अंगठा आत घेऊन.

ते रेखाटन पुढे एका लहान प्रदर्शनात लागले. तिथे एक बाई त्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि या रेषांत केवढी माया आहे, असे त्या मला म्हणाल्या. त्यानंतर मला तिथे थांबवले नाही.

त्या दिवसापासून मी या गोष्टीचा विचार करते आहे. रेखाटनातली माया खोटी होती असे म्हणून मोकळे होता येत नाही, कारण खोट्या मायेने ती चुणी चार वेळा काढवली नसती. ओरडणेही खोटे नव्हते. मला जे कळले आहे ते इतकेच की ते झोपलेले असताना त्यांना माझ्याकडून काहीही नको होते, मला त्यांच्याकडून रेषेखेरीज काही नको होते, आणि म्हणून मी त्यांना पाहू शकले. जागे होताच ते मागू लागले. माझा वेळ, माझे उत्तर, माझा धीर. ज्या क्षणी माणूस मागू लागतो त्या क्षणी तो माझ्या दृष्टीने माणूस न राहता वाटेतला अडथळा होतो, हा माझ्या स्वभावाचा दोष मला या एका दुपारी लख्ख दिसला. कलेने माणूस घडतो, संवेदनशील होतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. माझा प्रश्न असा की कला नेमके काय घडवते? २२ वर्षे घासून लखलखीत केलेला डोळा अवघ्या पाच मिनिटांत कुठे नाहीसा होतो? इथे लिहिणारे, वाजवणारे, अभिनय करणारे अनेकजण आहेत. आपला अनुभव काय आहे?

प्रतिसाद १

आपण हे इतक्या प्रामाणिकपणे लिहिले आहे की उत्तर देताना शब्द जपून वापरावेत असे वाटते. मी चित्रे काढत नाही. चित्रांच्या इतिहासाचे वाचन करतो. आपल्या प्रश्नाचे सर्वात टोचणारे उदाहरण मला रेम्ब्रांच्या आयुष्यात दिसते.

मानवी चेहऱ्याकडे इतक्या कनवाळूपणे पाहणारा चित्रकार युरोपीय कलेत क्वचितच झाला असेल. त्याने रंगवलेली, रेखाटलेली आणि कोरलेली स्वतःची व्यक्तिचित्रे मिळून सुमारे ८० आहेत, आणि उतारवयातल्या चित्रांत त्याने स्वतःच्या सुजलेल्या पापण्या, लोंबणारे गाल, दिवाळखोरीनंतरचा थकवा, काहीही लपवले नाही. म्हाताऱ्या माणसांचे हात त्याने जसे रंगवले आहेत तसे पाहिल्यावर वाटते की हा मनुष्य कोणाशी कठोर वागूच शकणार नाही. पण पत्नी सास्किया १६४२ मध्ये वारल्यानंतर त्याच्या तान्ह्या मुलाला सांभाळायला खेर्ट्ये डिर्क्स नावाची बाई घरात आली, काही वर्षे त्याची सहचरी म्हणून राहिली, आणि १६४९ मध्ये, लग्नाचे वचन मोडले म्हणून, तिने त्याच्याविरुद्ध दाद मागितली. निकाल त्याने तिला वार्षिक रक्कम द्यावी असा लागला. सास्कियाचे दागिने तिने गहाण टाकल्यावरून वाद आणखी चिघळला, आणि १६५० मध्ये तिला सुधारगृहात डांबले गेले. त्या कामी रेम्ब्रांचा हात होता, हे कागदपत्रांवरून दिसते. ती पाच वर्षांनी सुटली, तीही तिच्या स्नेह्यांच्या खटपटीने.

हे वाचल्यावर कितीतरी दिवस त्याची चित्रे पाहणे मला जड गेले. नंतर पुन्हा पाहू लागलो आणि ती पूर्वीइतकीच खरी वाटली. याचाच मला अधिक त्रास झाला. दिव्याखाली अंधार ही म्हण आपण दुसऱ्याला हिणवायला वापरतो, परंतु ती दिव्याच्या रचनेचे वर्णन आहे. प्रकाश पुढे पडतो, बुंध्याशी पडत नाही. खेर्ट्ये त्याच्याकडे हक्क मागत होती. आपण म्हणता तेच इथेही घडले असावे: चित्रासाठी बसणारा म्हातारा काही मागत नव्हता.

प्रतिसाद २

मानसशास्त्राच्या अंगाने एक भर घालते. १९७३ मध्ये जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या संशोधकांनी अमेरिकेतील प्रिन्स्टन इथल्या धर्मशिक्षणाच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडे जाऊन छोटे भाषण करायचे होते. त्यांतल्या निम्म्यांचा विषय होता बायबलमधला चांगल्या शोमरोन्याचा दाखला, म्हणजे रस्त्यात जखमी पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्याची गोष्ट. वाटेत एका दारापाशी एक मनुष्य डोके खाली घालून, खोकत आणि कण्हत बसवलेला होता. काही विद्यार्थ्यांना सांगितले होते की तुम्हाला आधीच उशीर झाला आहे, काहींना वेळेवर पोहोचाल असे, आणि काहींना अजून थोडा अवकाश आहे असे.

अवकाश असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, वेळेवर निघालेल्यांपैकी ४५ टक्के, आणि उशीर झालेल्यांपैकी केवळ १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. परोपकाराच्या गोष्टीवर बोलायला निघालेले काही विद्यार्थी त्या माणसाला ओलांडून गेले. प्रयोग एकूण ४० जणांचा होता, त्यामुळे त्यावर फार मोठा इमला उभारू नये, परंतु त्यातून निघणारी गोष्ट आपल्या अनुभवाशी जुळते. दयेची गोष्ट डोक्यात ताजी असूनही पायांना घाई असेल तर ती गोष्ट पायांपर्यंत पोहोचत नाही.

यावरून स्वभाव असे काही नसतेच, सगळी परिस्थितीची करामत आहे, असे काही अभ्यासक म्हणू लागले. मला ते पटत नाही. उशीर झालेल्यांतलेही काहीजण थांबलेच, आणि भरपूर वेळ असलेल्यांतले काहीजण पुढे गेले. म्हणून मी धागालेखिकेला एवढेच विचारीन: ओरडण्याच्या त्या क्षणी तुम्हाला कसली तरी घाई होती का?

प्रतिसाद ३

स्वभावाला औषध नाही, असे आमच्या घरातली मोठी माणसे म्हणत आणि मी वयाच्या ६० व्या वर्षीही तेच म्हणतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. चित्राने स्वभाव बदलावा अशी अपेक्षा मुळात का ठेवावी? चित्र चांगले झाले, ते पाहून एका अनोळखी बाईंना भरून आले, हे पुरेसे नाही का? ओरडल्याबद्दल वडिलांची क्षमा मागावी आणि चित्रावर त्याचे ओझे टाकू नये, असे माझे मत आहे.

धागालेखिका

सर्व प्रतिसादांबद्दल आभारी आहे. प्रतिसाद २ मधल्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मला ती दुपार पुन्हा आठवावी लागली. हो, घाई होती. चित्र पूर्ण झाल्यावर मला ते लांबून, ताज्या डोळ्यांनी एकदा पाहायचे होते, कारण पाच-दहा मिनिटांत डोळा सरावतो आणि चुका दिसेनाशा होतात. त्या पाच-दहा मिनिटांसाठी मी त्यांच्यावर ओरडले. म्हणजे त्यांच्या चेहऱ्याचे चित्र पाहता यावे म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले नाही. हे लिहितानाही हात थबकतो.

प्रतिसाद ३ मधील सूचनेचा आदर करते. क्षमा मी त्याच संध्याकाळी मागितली. पण ती घेणाऱ्याला प्रसंगच आठवत नव्हता. विसरणाऱ्या माणसाची क्षमा मागणे म्हणजे काय, हे मला अजून उलगडलेले नाही. चित्रावर ओझे टाकू नये, हे मात्र मला मान्य करता येत नाही. एखादी गोष्ट मी २२ वर्षे केली आणि तिने मला काय केले, हे विचारण्याचा हक्क मला असला पाहिजे.

प्रतिसाद ४

मी हौशी रंगभूमीवर बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे हा धागा एकाच बैठकीत दोनदा वाचला.

आपल्याकडच्या काव्यशास्त्राने या प्रश्नाचा विचार हजार वर्षांपूर्वी केला आहे आणि मला तो आजही सर्वात नेमका वाटतो. भट्टनायकाने साधारणीकरण ही कल्पना मांडली. रंगमंचावरचे दुःख माझेही नसते आणि अमक्या एका परक्याचेही नसते. ते कोणा एकाचे राहत नाही, म्हणूनच ते आस्वादता येते आणि शोकाचा करुणरस होतो. खऱ्या शोकात बुडालेल्या माणसाला करुणरस मिळत नाही. त्यानंतर अभिनवगुप्ताने, नाट्यशास्त्रावरच्या आपल्या टीकेत, रसाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली. त्यांतले एक विघ्न असे की प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखाच्या ताब्यात असतो. ज्याचे चित्त घरच्या काळजीत अडकले आहे त्याच्यापुढे कितीही उत्तम नाटक केले तरी रस उत्पन्न होत नाही. नाट्यगृह, गाणे, नृत्य, सजवलेला मंच ही सारी व्यवस्था त्या माणसाला घटकाभर त्याच्या स्वतःतून बाहेर काढण्यासाठी असते.

आता हे आपल्या दुपारीला लावून पाहा. झोपलेले वडील, शांत खोली, हातात पेन्सिल, समोर दोन तास. आपण नकळत विघ्ने दूर केली होती. ते जागे झाले तेव्हा पडदा पडला, दिवे लागले आणि समोर आपले स्वतःचे, अगदी आपल्याच वाट्याचे दुःख उभे राहिले: वडील विझत चालले आहेत आणि आपण काही करू शकत नाही. माझी अशी समजूत आहे की आपण चष्म्याच्या प्रश्नावर ओरडला नाहीत. तिसऱ्यांदा विचारलेल्या प्रश्नात आपल्याला जे ऐकू आले त्यावर ओरडलात.

माझा अनुभव याहून वाईट आहे. एका नाटकात मी मरणासन्न भावाशेजारी बसलेल्या माणसाची भूमिका करत होतो. प्रत्येक प्रयोगात माझे डोळे भरून येत. त्याच काळात माझा एक जुना मित्र आजारी होता आणि मी तालमींचे कारण सांगून त्याला भेटायला जायचे टाळले, ते तो जाईपर्यंत. दिदरो या फ्रेंच विचारवंताने म्हटले आहे की थोर नट स्वतः भावनेत वाहत नाही, थंड डोक्याने ती दाखवतो. मी थोर नट नव्हतो; मी खरोखर रडत होतो. तेच मला नडले. रोज रात्री इतके रडल्यावर आपण त्या मित्रासाठी काहीतरी केले आहे, असे मनाला वाटू लागले होते. परदुःख शीतल म्हणतात; रंगमंचावरचे दुःख त्याहून शीतल असते, आणि त्या गारव्याची सवय लागते.

प्रतिसाद ५

प्रतिसाद ४ मधला शेवटचा परिच्छेद मनाला लागला. त्याला जोडून तत्त्वज्ञानाच्या बाजूने थोडे लिहितो.

गुण हे सवयीने येतात, असे अ‍ॅरिस्टॉटल सांगतो आणि उदाहरण कलेचेच देतो: घरे बांधून माणूस बांधणारा होतो, वाद्य वाजवून वादक होतो, तसा न्यायाची कृत्ये करून न्यायी होतो. ही अर्धी गोष्ट सर्वांच्या तोंडी असते. पुढची अर्धी फारशी सांगितली जात नाही. तो लगेच कला आणि सद्गुण यांत भेदही करतो. कलेत जे निर्माण झाले ते चांगले असले की पुरे. करणाऱ्याच्या मनाची अवस्था कशी होती हे विचारावे लागत नाही. सद्गुणाचे तसे नाही. तिथे करणाऱ्याने जाणून, त्या कृत्यासाठीच ते निवडून, आणि स्थिर वृत्तीतून केलेले असावे लागते. आणखी एके ठिकाणी तो म्हणतो की कलेत जाणूनबुजून चूक करणारा अजाणता चुकणाऱ्यापेक्षा बरा, कारण त्याच्या हातात कौशल्य आहे. शहाणपणाच्या आणि सद्गुणांच्या बाबतीत मात्र उलटे आहे. उत्तम वादक मुद्दाम बेसूर वाजवू शकतो. दयाळू माणूस मुद्दाम निर्दय होऊ शकला, तर तो दयाळू उरत नाही.

या भेदाच्या उजेडात मला असे वाटते की २२ वर्षांत आपण जे कमावले ते कौशल्य आहे, आणि कौशल्य हातात धरता येते तसे खालीही ठेवता येते. वही मिटली की ते खाली ठेवले जाते. ज्या गोष्टीची सवय लावली तीच लागते, शेजारच्या गोष्टीची लागत नाही. झोपलेल्या माणसाकडे पाहण्याची सवय आपण लावली. मागणाऱ्या माणसाकडे पाहण्याची लावली नाही. आपणच का, कोणीच फारशी लावत नाही.

मी निराशेने हे लिहीत नाही. मला स्वतःला बोलण्यात दुसऱ्याचे वाक्य तोडण्याची खोड होती आणि ती माझ्या लक्षातही येत नसे. ती मोडायला मला चार वर्षे लागली. उपाय अगदी बाळबोध होता: समोरच्याचे वाक्य संपेपर्यंत मी जीभ दातांमध्ये हलकेच धरून ठेवी. सुरुवातीला तो निव्वळ व्यायाम होता, त्यात सौजन्य नव्हते. वाक्ये पुरी ऐकू येऊ लागली तेव्हा असे उमगले की अनेकांचा खरा मुद्दा शेवटच्या दोन-तीन शब्दांत असतो आणि तो मी वर्षानुवर्षे ऐकलाच नव्हता. मग ऐकण्याची गोडी लागली. पीळ जळत नाही हे खरे असेल. पण सुंभ उलट दिशेने वळता येतो, त्याला हात सोलवटून घ्यावे लागतात.

प्रतिसाद ६

ताई, मी ३१ वर्षे रुग्णालयात परिचारिका होते. मला तत्त्वज्ञान फारसे येत नाही, पण पाहण्याविषयी बोलू शकते, कारण आमच्या कामात पाहणे हेच निम्मे काम असते.

नवीन मुलींना मी सांगत असे की खोलीत शिरताना हातातल्या कागदाकडे बघू नका, आधी माणूस बघा. ओठांचा रंग बघा. श्वास घेताना गळ्याच्या खालचा खळगा आत ओढला जातो का ते बघा. पायांची बोटे गार आहेत का, चादर हाताने चिवडली जाते आहे का, उशी मानेखाली आहे की खांद्याखाली गेली आहे. तुम्ही वडिलांच्या कानावरची घडी पाहिलीत, तसेच आम्हीही पाहतो. फरक एवढाच की आमच्याकडे नुसते पाहून कोणी थांबत नाही. उशी सरकलेली दिसली की हात आपोआप जातो. डोळा आणि हात यांच्यामध्ये कागद येत नाही. म्हणून वर लिहिणाऱ्यांनी सवयीविषयी जे सांगितले आहे ते मला पटते. आम्हालाही ते काही जन्मतः येत नाही, करून करून येते.

याचा अर्थ आम्ही फार चांगल्या असतो असा नाही, हेही मला सांगितले पाहिजे. रात्रपाळी संपवून घरी गेले की माझ्या मुलांच्या कपाळाला हात लावायलाही अंगात त्राण नसे, आणि ज्या आवाजात मी अनोळखी माणसांशी रात्रभर बोलले होते तो आवाज घरच्यांना फार थोडा मिळाला. मुलगी एकदा म्हणाली होती की आई, तू आमच्याशी पेशंटशी बोलतेस तशी बोल ना. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. आता ती स्वतः आई आहे आणि मी ते वाक्य विसरलेले नाही. धीराचा साठा असतो आणि तो संपतो, हे माझे मत आहे. ज्याची सेवा रोजची असते त्याने तो कुठे आणि किती खर्च होतो याचा हिशेब ठेवावा, आणि मदतीला दुसरे कोणी घ्यावे. तुम्ही एकट्या त्यांना सांभाळत असाल तर आधी ते बघा.

एक गोष्ट विचारते, राग मानू नका. तुमचे लिहिणे वाचल्यापासून ती मनातून जात नाही. त्या बटणाचे पुढे काय झाले?

प्रतिसाद १ (पुन्हा)

हा प्रश्न वाचून मी धाग्याच्या सुरुवातीला परत गेलो. मीही ते वाचले होते, आणि माझ्या मनात आले ते इतकेच की ओढलेल्या कापडाची चुणी काढणे खरोखर अवघड असते.

धागालेखिका

दोन दिवस मी काही लिहिले नाही, कारण बटणाच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होते आणि ते लिहायचे धैर्य नव्हते.

मी ते लावले नाही. चित्र काढत असताना लावता आले नसते हे खरे आहे; झोपमोड झाली असती आणि चुणीही गेली असती. पण ते जागे झाल्यावरही लावले नाही. त्यांच्या उजव्या हाताची बोटे नीट वळत नाहीत, हे मला ठाऊक आहे. कॉलर त्यांच्या हनुवटीला टोचत असणार, कारण ते मान थोडी एका बाजूला धरून बसले होते, आणि मानेचा तो कल मी चित्रात अचूक घेतला आहे. क्षमा मागायला गेले तेव्हाही ते बटण तसेच होते. मी त्यांच्यासमोर उभी राहून माझ्या पश्चात्तापाविषयी बोलत होते आणि ते मान तशीच धरून ऐकत होते. रात्री कपडे बदलताना त्यांनीच ते कितीतरी वेळ चाचपत काढले असावे. मी त्या वेळी दुसऱ्या खोलीत चित्राला चौकट शोधत होते.

रंगभूमीवरच्या सदस्यांनी तिसऱ्या प्रश्नात मला काय ऐकू आले याविषयी जे लिहिले, ते खरे आहे, आणि ते वाचून मी रडलेही. परंतु त्या समजुतीचा आसरा घ्यायला माझे मन तयार होत नाही, कारण बटणाच्या बाबतीत ती लागू पडत नाही. तिथे दुःख नव्हते, घाईही नव्हती. मी ते पाहिले होते, दोन तास पाहिले होते, आणि पाहणे पूर्ण झाले असे माझ्या डोळ्याला वाटले होते. परिचारिकाताईंनी म्हटल्याप्रमाणे मध्ये कागद होता. जे कागदावर उतरले त्याचे देणे फिटले, अशी काहीतरी खोल समजूत माझ्यात इतक्या वर्षांत रुजली असावी, आणि चित्र जितके चांगले तितकी ती समजूत घट्ट होत गेली असावी.

चित्रे काढणे मी सोडणार नाही. ते सोडले तर मला वडिलांच्या कानावरची घडीही दिसणार नाही. मदतीसाठी आठवड्यातून चार दिवस माझी मामेबहीण येऊ लागली आहे. ताईंचा तो सल्ला मी आधी मानला. वही घेऊन बसण्यापूर्वी मी आता त्यांच्याभोवती एकदा फिरून येते. उशी, चष्मा, पायावरचे पांघरूण, बटणे. काल त्यांनी चष्म्याविषयी पाच वेळा विचारले. चार वेळा मी उठून त्यांच्या हातात दिला. पाचव्यांदा मी जागेवरूनच, जुन्याच आवाजात उत्तर दिले, आणि मग चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच आहे हे दाखवायला उठून गेले. त्यांनी दोन्ही हातांनी चष्म्याच्या काड्या चाचपून पाहिल्या, आणि मग माझ्या मनगटाला धरून बराच वेळ ते सोडले नाही.